गौराईवरचं लुगडं

मंजुळामामीने पालथ्या होडीवर आपलं हिरवं लुगडं पांघरलं, त्याचा पदर समुद्राच्या बाजूने थेट वाळूपर्यंत सोडला, काठावर दोन धोंडे ठेवले आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “आता हिला कुनी हात लावला, तर हात मोडून हातात देईन.”

आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. आदल्या दिवशीच्या वादळात आमच्यापैकी कुणी इतक्या शिस्तीत मागे सरलं नव्हतं.

“काकी, आत तरी बघितलंस का?” दामू तांडेलने विचारलं.

“बघितलं की. सकाळी सगळ्यांच्या आधी मीच वाकून बघितलं.”

मुरवंड बंदरात होडीला घरातली बाई मानतात. लाटेने उलटून किनाऱ्यावर पालथी पडलेली होडी म्हणजे पदर ढळलेली बाई. घरच्या बाईने तिच्यावर लुगडं घालायचं आणि तिनेच ते काढायचं. तोपर्यंत पुरुषाने हात लावायचा नाही, वाकून बघणं तर लांबच. एम.ए. करत असताना मी ही प्रथा आमच्या सरांना सांगितली, तेव्हा ते हरखून म्हणाले होते, “यावर शोधनिबंध होईल.” झाला नाही. एका अर्थाने बरं झालं; प्रथा कशासाठी असतात ते मला तोवर कळलेलंच नव्हतं.

ही होडी माझ्या मामाची, हसुराम चोगल्याची. नाव गौराई. किनाऱ्यावर होडी म्हणता येईल अशी तेवढी एकच उरली होती. बाकीच्यांचं सरपण झालं होतं. शाळेचं छप्पर मसणवटीत जाऊन पडलं होतं. कुणाचा तरी फ्रीज माडाच्या बुंध्याला टेकून उभा होता, दार उघडं, आत वाळू. बायका रडत नव्हत्या. पोरंसुद्धा रडत नव्हती. सगळं गाव लग्नाला यावं तसं किनाऱ्यावर आलं होतं, आणि आल्यावर काय करायचं हे कुणाला आठवत नव्हतं.

आणि मामा बेपत्ता होता.

मी त्याच्याकडे वादळाच्या आदल्या दिवशी आलो होतो. तालुक्याच्या कॉलेजात मी नुकताच शिकवायला लागलो होतो आणि वादळाची सुट्टी मिळाली होती. त्या वादळाला कुठल्याशा लांबच्या देशाने एक गोंडस नाव दिलं होतं. गावात ते कुणाला उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला ‘ता’ म्हणायचे. ता येणार, ता कधी येतंय, ता आयला.

मुरवंडात दुसरी एक रीत होती. वादळाची वर्दी आली की गावाच्या पहिल्या, म्हणजे मानाच्या, नाखव्याची होडी जिथे बांधली जाईल, तिथेच सगळ्यांनी आपापल्या होड्या बांधायच्या, एकमेकींना दोराने जोडून. वेगळी कुणी बांधायची नाही. वाचलो तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. पिढ्यान् पिढ्या पहिला नाखवा होडी खाडीत नेई, तिवरांच्या झाडीत घुसवी आणि गाव त्याच्या मागे जाई.

तेव्हा पहिला नाखवा हसुराममामा होता आणि मामाकडे जेट्टी होती. म्हणजे जेट्टी सरकारी, पण ती गावात आणण्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या मामाने. उद्घाटनाला मामाच्या गळ्यात हार पडला, तो त्याने वाळून पाकळ्या गळेपर्यंत काढला नाही. त्यामुळे वर्दी आली तेव्हा मामाने गौराई खाडीत न नेता जेट्टीला बांधली.

“हसुराम, तिवरांत चल,” पोशाकाका म्हणाला. पोशा पावशे, मामाच्या वयाचा, लहानपणापासून मामाशी भांडत आलेला.

“तिवरांचा जमाना गेला, पोशा. हे काँक्रीट हाय.”

“हाय ना. पन नवीन हाय. समुद्रानं अजून बघितलं नाय त्याला.”

“भ्यायलास?”

“भ्यायलोय,” पोशाकाका म्हणाला, आणि आपली होडी आणून गौराईच्या शेजारी बांधली. रीत म्हणजे रीत. बाकीच्या होड्या तिच्यापुढे लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राने जेट्टी बघितली. मधला भाग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा खाली बसला. होड्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असल्यामुळे एकही मागे राहिली नाही. कोनशिला तेवढी शाबूत राहिली, नावांसकट. मामा कुणाचं न ऐकता कोयता घेऊन होड्यांवर उडी मारून गेला होता. तो शेवटचा दिसला तो गौराईवर, गुडघाभर पाण्यात, दोरावर घाव घालताना. मग पावसाने पुढचं काही दिसू दिलं नाही.

तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गौराई किनाऱ्यावर पालथी होती, मामी तिच्याजवळ फतकल मारून बसली होती, आणि गाव मामाला शोधत होतं. शोधत होतं म्हणजे एक डोळा पाण्याकडे ठेवून त्याला शिव्या देत होतं. ऊन चढलं तशी सावली फक्त गौराईचीच उरली. हात लावायचा नव्हता, पण सावलीत बसायला रीतीची हरकत नव्हती. त्यामुळे आम्ही होडीला पाठ न टेकवता, जरा पुढे झुकून, ओळीने बसलो.

“सगळ्या गावाच्या फळ्या झाल्या,” दामू म्हणाला, “आनि ह्याची बघा कशी अख्खी. कशी रायली? सोताचा दोर कापला. आपली सोडवली आनि आमची घातली खड्ड्यात.”

“दामू, मामी बसलीय,” मी म्हटलं.

“बसू दे. मास्तर, तुझा मामा जिता सापडला तर सांगतो, मीच मारीन त्याला.”

मामीने होडीच्या फळीवरून तळवा फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

“त्यानं पैला दोर माजा कापला.” हे पोशाकाका बोलला. “मी बघितलाय. पैला माजा, मग तुजा, दामू. आपल्या होड्या सुटल्या तवर फुटून गेलेल्या, त्याला तो काय करनार? सोताचा त्यानं शेवटी कापला.”

“तुना बरं दिसलं येवढ्या पावसात!”

“मी त्याच्यावर लक्ष ठेवूनच असतो,” पोशाकाका म्हणाला. “लहानपनापासून.”

दुपारी मी मामीसाठी घरातून ताट आणलं. घराला भिंती होत्या, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं म्हणायचं. तांदळाची भाकरी आणि जवळा. मामीने ताट बघितलं. “दोन भाकऱ्या आनखी आन.”

“तू एवढं खाणार?”

“गौराईला नैवेद्य. आनि येताना बिडीचं बंडल आन. माचीस पन.”

मामीने जन्मात बिडी ओढलेली नव्हती. पण नवरा समुद्रात गेलेल्या बाईला कारण विचारण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. भाकऱ्या आणल्या, बंडल आणलं. तिने ताट उचलून लुगड्याच्या पदराआड सरकवलं आणि कोरड्या डोळ्यांनी मला म्हणाली, “जा आता. देवीला जेवताना बघू नये.”

थोड्या वेळाने ताट बाहेर आलं, चाटूनपुसून लख्ख. मला वाटलं, कुत्रं. मग आठवलं की वादळापासून गावात एकही कुत्रं दिसलेलं नव्हतं. तरी मी कुत्रंच धरून चाललो. शिकलेल्या माणसाला कुठलंतरी कारण लागतं.

सावलीतल्या दामूने नाक वर केलं. “बिडी कोन ओढतोय?”

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. कुणाच्याच हातात बिडी नव्हती.

“मी,” मामी पलीकडून म्हणाली आणि खोकली.

दामूने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढं मोठं दुःख त्याने आधी पाहिलेलं नसावं.

मग जेसीबी आला. संध्याकाळी मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि त्यांच्या गाड्यांसाठी किनारा मोकळा हवा होता. म्हणजे नुकसान नीट दिसावं म्हणून आधी नुकसान बाजूला करायचं होतं. फळ्या, इंजिनं, जाळी लोटत लोटत जेसीबी गौराईसमोर येऊन थांबला. चालक घाटावरचा, तरुण.

“मावशी, बाजूला व्हा. ही एवढी सरकवतो.”

मामी उठली, जेसीबीच्या फाळासमोर बसली आणि पाय लांब केले. “चालव.”

“अहो, मला ऑर्डर आहे.”

“मग चालव ना. मी कुटं नाय बोलते?”

चालकाने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “यांच्यात काय झालंय?”

“नवरा सापडत नाहीये. ही त्याची होडी.”

त्याने इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि डबा उघडला. “रस्ता तसा बराच झालाय,” तो म्हणाला. मामी फाळाच्या सावलीत तशीच बसून राहिली. ती सारखी मागे वळून पदराकडे बघत होती. मला वाटलं, गौराईच्या मायेने.

याच सुमारास पोशाकाका आपल्या मुलाला, धर्माला, घेऊन एक लहान वल्ह्यांची होडी ओढत पाण्याकडे निघाला. ती पोरांना खाडीत खेकडे धरायला असते तेवढीच होती. कुणाच्या तरी परसात झाडाला बांधलेली असल्यामुळे वाचली होती. समुद्र अजून उतरला नव्हता. नैऋत्येला पुन्हा काळं भरत होतं.

“वैनी, जातो,” तो मामीला म्हणाला. “खडपाच्या खडकांत बघून येतो. हसुराम मिळाला तर घेऊनच येईन. जिता असंल तर जिता. नायतर जसा असंल तसा.”

मामीचा चेहरा एकदम उतरला. “नका जाऊ, पोशाभाऊजी.”

“का नको?”

तिने तोंड उघडलं. होडीकडे बघितलं, सावलीतल्या ओळीकडे बघितलं, दामूकडे बघितलं. “समुद्र बरा नाय,” एवढंच म्हणाली.

“तो कधी बरा असतो? फोन मेलेत, वायरलेस मेलाय. मना परत बोलवायचं झालं तर धूर करा. जुन्या रीतीनं. काळा धूर बघितला की हातातलं टाकून वळतो.” आणि धर्माला म्हणाला, “चल रे. आपन गप बसलो तर हसुराम सोताहून यायचा नाय. लहानपनापासून असाच हाय. रुसला की लपून बसतो.”

ते गेले. मामी होडीजवळ परतली आणि तिने फळीवर तळव्याने तीनदा जोरात मारलं. मग कपाळ टेकून बसली. बायका पुढे झाल्या, कुणीतरी तिला पाणी दिलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मामीने मामाचं मरण मान्य केलं.

खेकड्यांची होडी आधी नीट दिसत होती, मग लाटेआड जाऊन जाऊन दिसायला लागली. वारा उलटला. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा पाठीला थंड लागला आणि किनाऱ्यावरचे सगळे एकाच वेळी उठून उभे राहिले. खडपाच्या पलीकडे पाण्यावर काहीतरी निळसर तरंगत होतं, आणि पोशाकाका वारा न बघता त्याच्यामागे निघाला होता. धर्माचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याची बायको पाण्यात कंबरेपर्यंत जाऊन उभी राहिली आणि ओरडू लागली. तिचा आवाज कुठेही पोचत नव्हता.

“धूर करा! धूर!” दामू ओरडला.

लोक धावले. पण धूर करायचा कशाचा? झावळ्या ओल्या, जाळी ओली, पडक्या छपरांचे वासे रात्रभर पाणी पिऊन फुगलेले. जेसीबी केव्हाच परत गेला होता, त्याचं डिझेलही नाही. मामाच्या घरी ठेवलेलं माझं पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा भिजलं होतं. काड्या ओढल्या की ओढल्याजागी विझत.

“गेला!” दामू डोक्याला हात लावून किंचाळला. “पोशा बाहेर चाललाय! वाऱ्यात घुसला!”

“कुठल्या बाजूला?” कुणीतरी विचारलं.

“खडपाच्या पलीकडं, बाहेरच्या अंगाला,” दामू म्हणाला.

“एकटाय?”

“धर्मा हाय बरोबर,” दामू म्हणाला, आणि मग त्याला कळलं की आवाज खालून येतोय. तो मटकन वाळूत बसला.

समुद्राच्या बाजूचा हिरवा पदर हलला. आधी एक हात बाहेर आला, मग वाळूने भरलेलं डोकं, मग बनियन घातलेला सबंध हसुराममामा. गाव त्याच्याकडे बघत होतं. कुणी ‘भूत’ म्हणालं नाही, कुणी ‘देवा’ म्हणालं नाही. आदल्या दिवसापासून इतकं काही होऊन गेलं होतं की तोंडातून काय काढायचं याचा कुणाकडे साठाच उरला नव्हता. मी मामाकडे बघितलं, रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग मामीकडे. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मामाने कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. हात डोळ्यांवर धरून त्याने समुद्र बघितला, वारा बघितला, ओल्या झावळ्यांचा ढीग बघितला. मग वळून गौराईकडे बघितलं. आयुष्यभर राळ आणि माशाचं तेल प्यालेलं सागाचं लाकूड, आणि फुटलेल्या टाकीतून आत वाळूत मुरलेलं डिझेल. त्या वासात बसून माणसाने बिडी ओढली होती. जगायची इच्छा फारशी नसावी, किंवा तलफ दांडगी असावी.

“मंजुळा,” तो म्हणाला, “लुगडं काढ.”

“अवो, आपली एकच...”

“पोशा चाललाय.”

मुरवंडात होडीचं लाकूड जाळत नाहीत. फुटकी होडीसुद्धा चुलीत घालत नाहीत. भरतीच्या तोंडावर पाण्यात सोडतात. घरातली बाई मेली तरी तिला चुलीत कोण घालतं?

मामीने दोन्ही धोंडे उचलले. लुगडं ओढून छातीशी धरलं. मामा वाकला, आतलं गोणपाट बाहेर काढलं. ज्यावर तो झोपला होता ते डिझेलने निथळत होतं. खिशातून माझीच माचीस काढली. पहिल्या काडीला पेटलं. जळतं गोणपाट त्याने गौराईच्या पोटाखाली सारलं आणि ज्या वाटेने आला होता ती वाट पायाने वाळू लोटून मोकळी केली, हवा आत खेळावी म्हणून.

काळा धूर आधी जमिनीला लागून सरपटला, मग उभा राहिला. इतका काळा धूर मी त्यानंतर कधी पाहिला नाही. राळ तडतडत होती. मामा एवढ्या जवळ उभा होता की त्याच्या भुवया जळाल्या, तरी मागे सरेना. किनाऱ्यावरचं सगळं गाव आगीकडे पाठ करून पाण्याकडे बघत होतं. तो एकटा आगीकडे बघत होता.

“वळला!” धर्माची बायको ओरडली. “वळले, वळले!”

वाऱ्याविरुद्ध वल्ही मारत ते कसे आले ते मला सांगता येणार नाही. दामू आणि आणखी दोघंतिघं दोर बांधून पाण्यात गेले आणि त्यांनी होडी ओढून आणली. धर्मा तिथेच पालथा पडला. पोशाकाका धडपडत चालत आला, काखेत एक निळा प्लास्टिकचा कॅन. मामासमोर येऊन उभा राहिला. त्याने मामाकडे बघितलं, जळणाऱ्या गौराईकडे बघितलं, पुन्हा मामाकडे बघितलं. कॅन मामाच्या पायाशी टाकला.

“घे. तुजं प्रेत. लांबून तुज्या टकलासारखं दिसत होतं.”

मामा म्हणाला, “पोशा, जेट्टी...”

पोशाकाकाने खाडकन त्याच्या थोबाडीत मारली. आणि तोच हात मामाच्या खांद्यावर ठेवून उभा राहिला, कारण त्याच्या पायांत उभं राहण्याइतकं त्राण नव्हतं.

मी मामाला पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला नाही. मला म्हणाला, “मास्तर, वादळात नाय रे भ्यायलो. होडी उलटली, मी आत अडकलो, तवासुदा नाय. सकाळी तुमचे सगल्यांचे आवाज ऐकू आले, तवा भ्यायलो. हिनं वाकून बघितलं. हिला म्हटलं, सांगू नको कुनाला. थोडा वेळ सांगू नको.”

दामू तिथेच उभा होता. मारीन म्हणाला होता. त्याने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली, आणि शेवटी मामाच्या हातातला तांब्या घेऊन स्वतःच पाणी पिऊन टाकलं.

तेवढ्यात गाड्या आल्या. साहेब, त्यांच्यामागे छत्री धरणारा, त्याच्यामागे कॅमेरे. फळ्यांचा ढीग, कोनशिला, माडाला टेकलेला फ्रीज असं सगळं बघत साहेब गौराईपाशी थांबले. तोवर तिच्या बरगड्या उघड्या पडल्या होत्या.

“अरेरे,” साहेब म्हणाले. “ही पण वादळातच गेली का?”

मामी पुढे झाली. तिने लुगडं झटकलं, वाळू उडाली, साहेबांच्या बुटांवर पडली. मग त्याची घडी करत करत ती म्हणाली,

“नाय साहेब. वादळातून ही एकच वाचली होती.”